न बदललेल्या तेलाचे प्रतिज्ञापत्र

नव्या मोटारीच्या इंजिनातील तेल केव्हा बदलावे, हा मतभेदाचा विषय नाही. ज्यांनी ते इंजिन निर्माण केले, त्यांनी याचे उत्तर मोटारीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत छापून ठेवले आहे: दहा हजार किलोमीटर अथवा एक वर्ष, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेव्हा. या वाक्यात संदिग्ध असे काहीही नाही. महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवताना मी जी विधाने नमुन्यादाखल फळ्यावर लिहीत आलो, त्यांतील पुष्कळांहून हे विधान अधिक नेटके आहे. असे असूनही अमरावती शहरात मला असा एकही मनुष्य भेटला नाही, जो हे वाक्य ऐकून घेऊन गप्प बसला.

पहिला हल्ला शेजारून झाला. वीज मंडळातून निवृत्त झालेले पुंजारामजी गावंडे यांच्या आणि माझ्या अंगणात कमरेएवढी भिंत आहे आणि त्या भिंतीवर कोपरे टेकून उभे राहणे हा त्यांचा निवृत्तीनंतरचा व्यवसाय आहे.

"सर, हजार झाले काय?"

"होतील या आठवड्यात."

"मंग ऑइल बदलवून टाका."

"पुस्तिकेत दहा हजार लिहिले आहे."

"पुस्तिका कंपनीनंच छापली ना सर? कंपनी कायले खरं सांगन?"

"खोटे सांगून कंपनीचा लाभ काय?"

"इंजिन लौकर बसलं तं दुसरी गाडी कोन घेईन? तुमीच ना."

"मग ते हमी कशाला देतात?"

"देतेत. पाळते कोन?"

नव्या इंजिनाचे भाग एकमेकांवर घासून लोखंडाचा चुरा तेलात पडतो आणि तोच चुरा पुढे इंजिन खातो, असा त्यांचा सिद्धांत होता. तो सिद्ध करण्यासाठी त्यांनी एका मेलेल्या रेडिओतील लोहचुंबक आणून भिंतीवर ठेवले. इंजिनाचा बराचसा भाग हल्ली अॅल्युमिनियमचा असतो आणि चुंबकाचे अॅल्युमिनियमपुढे काही चालत नाही, हे मी त्यांना शांतपणे समजावले. त्यावर ते म्हणाले, "मंग तं अजूनच वाईट. चुरा असन आणि चुंबकाले सापडन बी नाही." या उत्तरावर मी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही नापास केले असते. परंतु भिंतीवर कोपरे टेकून उभ्या असलेल्या माणसाला नापास करण्याची सोय कोणत्याही विद्यापीठाने ठेवलेली नाही.

पुढे पुढे आमच्या वसाहतीत पक्ष पडले. दूधवाला पाचशे किलोमीटरच्या पक्षाचा होता. समोरचे दंतवैद्य हजाराचे. माझा जबडा उघडा असताना आणि त्यात त्यांचे यंत्र फिरत असताना त्यांनी मला आपली बाजू सविस्तर ऐकवली, ज्याला मी वादविवाद न म्हणता बळजबरी म्हणतो. राजापेठेतील एका परिचिताच्या मते तेल बदलण्यापेक्षा वरून थोडे थोडे घालत राहावे, जसे आपण लोणच्यात घालतो. माझ्या पक्षात मी एकटा होतो आणि पुस्तिका होती. पुस्तिकेच्या एकशे बेचाळिसाव्या पानावर मी खूण घालून ठेवली होती आणि ती मोटारीच्या समोरच्या कप्प्यात अशा तऱ्हेने ठेवली होती की कोणीही कप्पा उघडताच ते पान समोर यावे. कप्पा सर्वांनी उघडला. बडीशेप शोधायला.

आता मोटार मागायला येणाऱ्यांविषयी. वऱ्हाडात नवी मोटार ज्याच्या दारात उभी राहते तिचा तो मालक असतो हे खरे, पण ती मालकी सार्वजनिक विहिरीच्या धर्तीची असते. याबद्दल माझी तक्रार नाही. नातेसंबंध म्हटले की हे आलेच. मात्र अव्यवस्थेबद्दल माझी तक्रार आहे, म्हणून मी नियम केले. त्यांतील मुख्य नियम पेट्रोलविषयी होता. पेट्रोल केवळ बडनेरा मार्गावरील एकाच पंपावर भरायचे, कारण इतर पंपांवर काय मिसळतात याचा मला भरवसा नाही. मोटार नेणाऱ्याला मी टाकी स्वतः काठोकाठ भरून देणार. त्याने वाटेत कोठेही, कोणत्याही परिस्थितीत, एक थेंबही घालायचा नाही. परत आल्यावर उरलेली टाकी मीच भरणार. यात कोणावर भार नाही, कोणाशी हिशेब नाही, रुसवा नाही. हा नियम मी जेव्हा प्रथम वाचून दाखवला तेव्हा माझी पत्नी शकुन हिने विचित्र नजरेने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "असं नका करू. लोकाइले बरं वाटत नाही."

"फुकट मोटार मिळाल्यावर बरे न वाटण्यासारखे काय आहे?"

"तेच," ती म्हणाली, आणि पुंजारामजींच्या पत्नी चतुराबाई यांची पितळी गंजी घासायला घेतली. त्या गंजीत त्यांनी आमच्याकडे कढी पाठवली होती. शकुनने ती धुतली, पुसली, तिच्या तळाशी मूठभर शेंगदाणे टाकले आणि भिंतीवरून पलीकडे दिली. दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करायचे नाही, ही आमच्याकडची रीत. साखर, गूळ, तुरीची डाळ, काहीच नसेल तर चार हिरव्या मिरच्या. पण रिकामे नाही. माझ्या हयातीत या भिंतीवरून इतके शेंगदाणे इकडून तिकडे आणि तिकडून इकडे गेले आहेत की शेवटी ते तेच असावेत असा मला दाट संशय आहे. मी तेव्हा त्या गंजीकडे लक्ष दिले नाही. मी टायरमधील हवेची नोंद करत होतो.

दुसरी मोफत तपासणी निर्विघ्न पार पडली आणि त्यानंतर मोटार तीन वेळा बाहेर गेली. प्रथम पुंजारामजींनी ती आपल्या पिंकीसाठी स्थळ पाहायला भातकुलीला नेली. नंतर माझे मेहुणे ओमप्रकाश हे अकोल्याहून आले आणि मुलाच्या साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, ती अकोटला घेऊन गेले. त्यानंतर माझी भाची आरती, जिला धारणीजवळच्या आरोग्य केंद्रात महिन्यापूर्वी नोकरी लागली होती, तिने गादी, शेगडी आणि एक तुळशीची कुंडी असा संसार घालून ती मेळघाटात नेली. तिघांनीही ती स्वच्छ धुऊन, वेळेवर परत आणली. मी मोटारीभोवती फिरून पाहिले, वाकून पाहिले, बोट फिरवून पाहिले. दोष काढावा असे काही सापडले नाही आणि पेट्रोल कोणीही घातले नव्हते. परत देताना तिघांच्याही चेहऱ्यावर एक तृप्ती होती, तिचे श्रेय मी माझ्या नियमांना दिले.

"सर, भल्ली मुलायम चालून राहिली गाडी आता," पुंजारामजी म्हणाले होते.

"पुस्तिकेप्रमाणे वागल्यावर असेच होते," मी उत्तरलो होतो. त्यांनी माझ्याकडे प्रेमाने पाहिले. त्या प्रेमाचा अर्थ मला फार उशिरा कळला.

आणि मग एका सकाळी मोटारीखालच्या फरशीवर एक थेंब दिसला. मधाच्या रंगाचा, रुपयाएवढा. शकुनला वाटले की तळणाचे तेल सांडले असेल. मी बोट लावून वास घेतला. दुसऱ्या दिवशी तेथे दोन थेंब होते, तिसऱ्या दिवशी बशीएवढा डाग. मोटार हमीच्या मुदतीत होती. मी पुस्तिका, हमीपत्र आणि मनाची पूर्ण शांती घेऊन अधिकृत सेवा केंद्रात गेलो.

सेवा केंद्राचे व्यवस्थापक अमोल बोंडे हे वयाने माझ्या विद्यार्थ्यांसारखे, नम्र, आणि त्या नम्रतेमुळेच असह्य. त्यांनी मोटार उचलून खाली पाहिले आणि हात पुसत माझ्याजवळ आले.

"सर, तेल काढायचा जो खालचा बोल्ट असतो, त्याचे आटे गेले. बाहेर काम झालं आहे."

"कोठेही काम झालेले नाही."

"बोल्टवर कंपनीची पिवळी खूण असते सर. ती नाही. फिल्टर पण आपला नाही. कोणीतरी तेल बदललं आहे, आणि गच्च आवळलं आहे. यात हमी नाही बसत."

"मी आपल्याला सांगतो आहे की तेल बदललेले नाही."

"सर, तुमच्या लक्षात नसेल."

माझ्या लक्षात नसेल. ज्या माणसाने या एका प्रश्नावर दूधवाल्याशी संबंध तोडले आणि दात अर्धवट सोडून दंतवैद्याच्या खुर्चीतून उठून आला, त्याच्या लक्षात नसेल. मी बोंडे यांना विचारले की आपण मला खोटारडा म्हणत आहात काय. ते म्हणाले, "नाही सर, असं कसं म्हणीन." मी म्हणालो, दोनच शक्यता आहेत: एक तर तेल बदलले गेले आहे, किंवा नाही, मी म्हणतो नाही, आपण म्हणता होय, म्हणजे आपल्यापैकी एक जण असत्य बोलतो आहे, आणि तो मी नाही. यावर त्यांनी चहा मागवला. युक्तिवादाला चहाने उत्तर देण्याच्या या पद्धतीने महाराष्ट्राचे जितके नुकसान झाले आहे तितके क्वचितच दुसऱ्या कशाने झाले असेल. मी चहा घेतला नाही.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते कंपनीच्या दूरध्वनी यंत्रणेला ठाऊक. मराठीसाठी तीन दाबा. तक्रारीसाठी पाच दाबा. तीन आणि पाच दाबल्यावर एक मुलगी हिंदीत म्हणे की आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि तो मोलाचा फोन संगीत ऐकवत ठेवून देई. एकदा समोरून फोन आला. मला वाटले, न्याय आला. ती मुलगी विचारत होती की सेवा केंद्राच्या भेटीबाबत मी दहापैकी किती गुण देईन. मी म्हणालो की गुण देण्यापूर्वी काही पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. ती म्हणाली, "सर, फक्त आकडा." मी पार्श्वभूमी सांगितली. तिने ती कोणत्या आकड्यात बसवली ते कळायला मार्ग नाही, पण संध्याकाळी मोबाइलवर संदेश आला: 'आपण समाधानी आहात हे जाणून आनंद झाला.'

तेव्हा मी प्रतिज्ञापत्र केले. न्यायालयाच्या आवारात टंकलेखकाजवळ बसून मी स्वतः मजकूर सांगितला. मोटारीची खरेदी, पुस्तिकेतील विधान, त्याचे विवरण, लोहचुंबकाच्या आक्षेपाचे खंडन, आणि शेवटी: 'सदर वाहन कारखान्यातून बाहेर पडल्यापासून आजतागायत त्याच्या इंजिनातील तेल कोणीही, कोठेही, कोणत्याही कारणाने बदललेले नाही, हे मी माझ्या सद्सद्विवेकबुद्धीस स्मरून शपथेवर सांगतो, आणि हे असत्य ठरल्यास होणाऱ्या परिणामांस मी पात्र राहीन.' अकरा पाने झाली. मुद्रांक विकणाऱ्याने ती चाळली आणि म्हणाला, "सर, एक सांगू काय? हजारले बदलवाच."

मोटार दुरुस्त होणे न होणे हा मुद्दा आता गौण झाला होता. माझा शब्द पणाला लागला होता. आयुष्यभर मी जी एक गोष्ट जपली ती हीच, की मी होय म्हटले म्हणजे होय. पंधरवड्यापूर्वीपर्यंत यावर कोणी प्रश्न विचारला नव्हता. प्रतिज्ञापत्र बोंडे यांच्या टेबलावर ठेवून मी म्हणालो, "आपण पंचनामा करू. माझ्याखेरीज ही मोटार केवळ तीन व्यक्तींनी चालवली आहे. तिघांनाही मी साक्षीला आणतो. त्यांच्या देखत बोल्ट उघडा. आतून कारखान्यातले तेल निघाले तर आपण माझी लेखी क्षमा मागायची."

"आणि नाही निघालं तर सर?"

"हा प्रश्न उद्भवत नाही."

घरी येऊन मी पुंजारामजींना भिंतीवरून निमंत्रण दिले. एरवी ते अशा प्रसंगी चप्पल घालूनच उत्तर देतात. त्या दिवशी त्यांनी कोपरे भिंतीवरून खाली घेतले. "सर, रविवारी तं माहं गुडघ्याचं दाखवाचं होतं."

"रविवारी दवाखाना बंद असतो."

"हो, तेबी खरंच."

ओमप्रकाश यांना फोन केला. पलीकडे बराच वेळ अकोल्याची रहदारी ऐकू आली. "याच लागते काय भाऊजी? साक्षगंधाचे पाहुने अजून घरीच आहेत."

"साक्षगंधाला दोन महिने झाले."

"हो ना. गेलेच नाहीत ते."

आरती म्हणाली की मामा, आवाज तुटून राहिला, डोंगरात आहे मी. तिचा आवाज पूर्ण स्वच्छ येत होता, मागे कुकरची शिट्टीही आली. मी तिला सांगितले की मामाच्या शब्दाचा प्रश्न आहे. तेव्हा ती म्हणाली, "येतो मामा."

आणि शकुन. तिने रात्रीचे जेवण वाढताना तीन वेळा विषय काढला. "जाऊ द्या ना. जे काय लागते ते भरून टाका आणि बोल्ट बसवून घ्या. एवढं कायले ताणता?"

"तुला माझ्या शब्दापेक्षा बोल्ट मोठा वाटतो?"

"मले काईच वाटत नाही," ती म्हणाली. "पोळी घ्या."

माझ्या कुटुंबात आणि शेजारात सत्यासाठी उभे राहण्याचे धैर्य कमी पडते आहे, असा मी याचा अर्थ लावला, आणि त्या रात्री मला त्यांची कीव आली.

रविवारी सकाळी आम्ही सर्व सेवा केंद्रात जमलो. मोटार हवेत उचललेली. खाली एक चौकोनी घमेले. मी पंचांना रांगेत उभे केले आणि पंचनाम्याचे महत्त्व थोडक्यात सांगितले. थोडक्यात म्हणजे बोंडे यांनी दोनदा घड्याळ पाहीपर्यंत. मग कारागिराने पाना लावला. बोल्ट जवळजवळ हातानेच सुटला आणि तेल वाहू लागले.

ते सोनेरी होते. उन्हातून जाताना त्याच्या आरपार पलीकडची भिंत दिसत होती. कारखान्यातून निघाल्यापासून सात हजार किलोमीटर जळलेले तेल काळे डांबरासारखे पडायला हवे, हे आता मलाही ठाऊक आहे.

"सर," बोंडे हळूच म्हणाले, "हे तर माझ्या दुकानातल्या तेलापेक्षा नवं आहे."

येथे मी जे बोललो ते लिहून ठेवायला मला आवडत नाही, पण क्रम मोडता येत नाही. मी म्हणालो की तेलाची ही निर्मलता माझ्या वाहनचालनाचा पुरावा आहे. जो मनुष्य चौथ्या गतीत कधी घाई करत नाही, जो गतिरोधकाला मान देतो, त्याच्या इंजिनात तेल काळे पडेलच का? नियमांचे पालन आणि तेलाचा वर्ण यांचा कार्यकारणसंबंध मी पायरीपायरीने मांडला. मला तो अजूनही आकर्षक वाटतो. कारागिराने पाना खाली ठेवला. पुंजारामजी जमिनीकडे पाहत होते.

"सर," ते म्हणाले, "बस करा आता. ते माहं आहे."

"काय आपले आहे?"

"ऑइल. भातकुलीहून येताना बदलवलं मी. चांगल्यातलं टाकलं."

मी काही बोलण्यापूर्वीच ओमप्रकाश पुढे झाले. "तुमचं कसं असन पुंजारामजी? म्या अकोटले बदलवलं ना. जिनिंगजवळच्या गॅरेजमंदी. हे माहं आहे."

"तुमी बदलवलं?" पुंजारामजींचा चेहरा बदलला. "मंग माहं कुठं गेलं?"

"मले काय माईत तुमचं होतं? मले वाटलं कंपनीचं आहे. देल्लं फेकून."

"नवंकोरं ऑइल फेकून देल्लं? भातकुलीहून अकोटपर्यंत चाललं होतं फक्त ते."

"तवाच मी म्हटलं, मेकॅनिकले म्हटलं, कंपनीचं ऑइल भल्लं टिकलं बा."

"टिकीन नाही तं काय. मी टाकलं होतं."

"मामा," आरती रडवेल्या आवाजात म्हणाली, "हे दोघाइचंबी नाही. परतवाड्याले बदलवलं मी. पहिल्या पगारातून."

माझ्या मोटारीचे तेल, ज्याच्या अखंडतेवर मी अकरा पानी शपथ घेतली होती, ते तीन गावांत तीन वेळा बदलले गेले होते, आणि बदलणारे तिघेही माझ्या देखत, माझ्याच पंचनाम्यात, कोणाचे तेल वाया गेले यावर भांडत होते. माझ्याविषयी कोणाला काही वाटलेले दिसले नाही.

"का?" मी ओरडलो. मी सहसा ओरडत नाही. "मी पुस्तिका दाखवली होती. मी पान सांगितले होते. कावून?" हा शेवटचा, घरचा वऱ्हाडी शब्द माझ्या तोंडून कसा गेला ते मला सांगता येणार नाही. पन्नास वर्षे मी तो आवरून धरला होता.

तिघांनी एकमेकांकडे पाहिले, जणू मी आकाश निळे का आहे असे विचारले होते.

"मंग रिकामी गाडी वापस कशी देऊ?" ओमप्रकाश म्हणाले.

"रिकामी?"

"पेट्रोल तुमी टाकू देत नाही," पुंजारामजी म्हणाले. "टाकी तुमीच भरून देता, वापस आल्यावर बी तुमीच भरता. माह्या पोरीचं जमलं त्या गाडीत जाऊन. तशीच हात हालवत आणून उभी करू काय तुमच्या दारात? घरी गेलो असतो तं चतुराबाईनं इचारलं असतं, काय देल्लं म्हणून."

"सीटले कव्हर टाकाव म्हटलं तं तुमी कव्हर नाही म्हणता," ओमप्रकाश म्हणाले. "म्युझिक नाही म्हणता. मंग उरलं काय? आणि हजार तं होऊनच गेल्ते."

मी शकुनकडे पाहिले. ती पिशवीचा बंद नीट करत होती.

"तुला ठाऊक होते?"

"सारेच मले सांगून गेले. पह्यले हे, मंग दादा, मंग आरती."

"आणि तू सांगितले नाहीस. मी अकरा पाने शपथेवर लिहीत होतो तेव्हाही सांगितले नाहीस."

"शपथेचं मले लिहून झाल्यावर समजलं. आणि आदी सांगतलं असतं तं तुमी ते ऑइल काढायले लावलं असतं," ती म्हणाली. "कोनी देल्लेलं असं काढते काय? मी कोणालेच नाही म्हटलं नाही. कसं म्हणू?"

बोंडे यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हते, ही त्यांची सभ्यता. त्याहून वाईट असे काही होते: त्यांना सर्व पटले होते. "मग काय करतील सर ते," ते म्हणाले. वऱ्हाडातील कोणत्याही न्यायालयात माझी बाजू उभी राहणार नाही हे मला त्या क्षणी कळले. मी टेबलावरचे प्रतिज्ञापत्र मागितले. बोंडे यांनी ते कंपनीला पाठवले असणार, आता ते मागे घ्यावे लागणार, आणि मागे घेण्यासाठी मला लिहावे लागणार की माझा शब्द चुकीचा होता. मी तसे लिहायला कागद मागितला. संतापाने, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे.

"राहू द्या सर," बोंडे म्हणाले. "ते गेलंच नाही."

"म्हणजे?"

"संगणकावर चढवतो आम्ही. तिथं दोन पानांची मर्यादा आहे. तुमचं अकरा पानी होतं, तीन दिवस प्रयत्न केला. घेतलंच नाही त्यानं."

संक्षेप हा गुण आहे असे मी आयुष्यभर ऐकत आलो. त्याविषयी माझे मत मी तेथेच कायमचे बनवले, आणि ती अकरा पाने घडी करून खिशात घातली.

आट्यांचे काम मोठे होते, सुटा भाग नागपूरहून यायचा होता, खर्च माझा. त्यावर मी वाद घातला नाही. पुंजारामजी आणि ओमप्रकाश एकाच रिक्षात बसून गेले. जाताना कोणते तेल उत्तम यावर त्यांचे एकमत होत नव्हते. आरतीला धारणीची गाडी गाठायची होती. तिने वाकून नमस्कार केला तेव्हा मी तिला म्हणालो की पहिल्या पगाराचे असे करू नये. ती म्हणाली, "पह्यल्याच पगाराचं करा लागते ना मामा."

मी आणि शकुन उन्हात उभे होतो तेव्हा बोंडे यांनी किल्ली पुढे केली. "माझी स्कूटर घेऊन जा सर. उद्या आणून द्या. टाकी भरलेली आहे."

आम्ही दोघे त्या स्कूटरवर घरी आलो.

दुसऱ्या दिवशी ती परत द्यायला मी निघालो. शकुन फाटकापर्यंत आली. तिने स्कूटरकडे पाहिले, मग माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिले. एवढे पाहणे एका मनुष्याला पुरते. मी बडनेरा मार्गावरील पंपावर थांबलो. टाकी खरेच भरलेली होती. त्यात आणखी एक थेंब मावला नसता. मी पुढे निघालो. रस्त्याच्या कडेला एका निंबाखाली टायर टांगलेले एक दुकान होते. मी त्याच्यासमोरून गेलो. मग वळलो.

"तेल बदला," मी म्हणालो.

"किती चालली हे?" त्याने विचारले. "मागं कधी बदलवलं होतं?"

मला ठाऊक नव्हते. या स्कूटरची पुस्तिका मी पाहिली नव्हती, तिच्या निर्मात्यांचे याबाबत काय म्हणणे आहे ते मला माहीत नव्हते, आणि तेल बदलण्याची वेळ झाली आहे असे मानायला माझ्याजवळ एकही आधारवाक्य नव्हते.

"चांगल्यातले टाका," मी म्हणालो. "आणि फार आवळू नका."

स्कूटर मी बोंडे यांच्या हाती दिली. त्यांनी विचारले, काही त्रास झाला का. मी म्हणालो, नाही. याहून अधिक बोलायचे कारण नव्हते. विचारले गेलेल्या प्रश्नाचे ते पूर्ण आणि सत्य उत्तर होते.

आठवड्याने मोटार आणायला गेलो तेव्हा ते मला सोडायला बाहेर आले. स्कूटरच्या आसनावर त्यांनी हात ठेवला.

"सर, एक सांगू? चारपाच दिवस झाले, भल्ली मुलायम चालून राहिली. मी कंपनीच्या वेळापत्रकाबाहेर हिला हात लावू देत नाही ना कोणाला, त्याचा हा फायदा."

मी मोटारीचे दार उघडले, कप्प्यातील पुस्तिका जागेवर आहे याची खात्री केली.

"पुस्तिकेप्रमाणे वागल्यावर असेच होते," मी म्हणालो, आणि त्यांच्याकडे पाहिले.